डिजिटल ज्यूकबॉक्समधला गाण्यांचा शोध: पडदा, कीबोर्ड आणि त्यामागचा डेटा

१९४८ साली सीबर्ग कंपनीचा एम१००ए ज्यूकबॉक्स (निवडलेलं गाणं वाजवणारं यंत्र) आला तेव्हा त्यात ५० तबकड्या म्हणजे १०० गाणी बसत. सगळ्या गाण्यांची नावं छापील पट्ट्यांवर समोरच दिसत आणि बटण दाबलं की काम झालं. तिथे शोधायचं काही नव्हतंच, फक्त वाचायचं होतं. आजच्या डिजिटल यंत्रात वीस-पंचवीस हजार गाणी सहज असतात आणि पडद्यावर एका वेळी दिसतात आठ-दहा. बाकीची गाणी शोधपेटीतून सापडली तरच आहेत, नाहीतर असून नसल्यासारखी.

वापरणारा कोण आहे हे आधी ठरवून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. तो उभा आहे. आजूबाजूला गोंगाट आहे, उजेड कमी आहे, एका हातात काहीतरी आहे आणि मागे कुणीतरी आपली पाळी यायची वाट पाहतंय. हे यंत्र तो पहिल्यांदाच वापरतोय आणि त्याला गाणं अर्धवटच आठवतंय: मुखड्यातले दोन शब्द, गायकाचं आडनाव, नाहीतर पडद्यावर ते गाणं कुणावर चित्रित झालं होतं एवढंच. पहिलं अक्षर दाबल्यापासून गाणं रांगेत लागेपर्यंत २० सेकंद हे लक्ष्य ठेवा.

कामाचा क्रमही ठरलेला असू द्या: आधी टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची माहिती), मग शोध-की (नावाचं शोधासाठी सपाट केलेलं रूप), मग जुळणी आणि क्रमवारी, त्यानंतर कीबोर्ड आणि निकालांची यादी. बहुतेक ठिकाणी सुरुवात पडद्याच्या रंगांपासून होते आणि टॅगकडे शेवटी बघितलं जातं. असं यंत्र दिसायला देखणं असतं, पण त्यात गाणं सापडत नाही.

टॅग साफ करणं

शोध थेट फाइलींच्या टॅगवर चालवू नका. सगळे टॅग एकदा वाचून एका तक्त्यात आणा आणि दुरुस्त्या तिथेच करा. तक्त्यात किमान हे रकाने हवेत: शीर्षक, पर्यायी शीर्षक, गायक, संगीतकार, चित्रपट किंवा अल्बम, मुखड्याची पहिली ओळ, वर्ष, भाषा, आवृत्ती, कालावधी, आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा संकेत) आणि फाइलचा मार्ग. चित्रपटगीतं असतील तर कलाकारांचा रकानाही घ्या. गायकापेक्षा नायिकेचं नाव टाइप करणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

टॅगमध्ये तीन गोष्टी हमखास बिघडलेल्या सापडतात. पहिली म्हणजे तुटलेली शीर्षकं. आयडी३ या एमपी३ फाइलींच्या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला, गायकाला आणि अल्बमला प्रत्येकी ३० बाइटच जागा होती. त्यामुळे बरोबर ३० अक्षरांवर संपणारी शीर्षकं वेगळी काढून हातानं तपासा. दुसरी, अक्षरांचा कचरा. आयडी३ २.३ मध्ये मजकूर आयएसओ ८८५९-१ (फक्त रोमन अक्षरांचा संच) किंवा यूटीएफ-१६ (सगळ्या लिपी सामावणारा) मध्येच ठेवायची सोय होती. यूटीएफ-८ ला परवानगी २.४ मध्ये मिळाली. कुणीतरी देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मध्ये लिहून त्याला पहिल्या प्रकारचं लेबल लावलेलं असतं, मग वाचताना चिन्हांची रांगोळी दिसते. असा मजकूर त्याच चुकीच्या लिपीसंचानं परत बाइटमध्ये बदलून यूटीएफ-८ म्हणून वाचला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो. तिसरी, गायकाच्या रकान्यातली खिचडी: दोन गायक स्वल्पविरामानं, तिसरा ‘फीचरिंग’ म्हणून, आणि कुठे तर संकेतस्थळाचा पत्ता. प्रत्येक गायकाची स्वतंत्र नोंद करून ती गाण्याला जोडा. गायकाच्या पर्यायी नावांचा वेगळा तक्ता ठेवा, म्हणजे टोपणनाव, जुनं नाव आणि वेगळं स्पेलिंग या सगळ्या वाटा एकाच माणसाकडे जातील.

पुनरावृत्तीचं काय करायचं? एकच ध्वनिमुद्रण चार संकलनांत असतं आणि यादीत चार वेळा उगवतं. आयएसआरसी हा १२ अक्षरांचा संकेत ध्वनिमुद्रणाला दिलेला असतो. तो जुळला की एकच ओळ दाखवा. लाइव्ह किंवा रिमिक्स हे वेगळं ध्वनिमुद्रण असल्यानं त्याचा संकेतही वेगळा असतो, तेव्हा ते आपोआप वेगळे राहतात. संकेत नसेल तर शीर्षक आणि गायक सारखे आणि कालावधीत दोन-तीन सेकंदांचाच फरक, हा निकष वापरा. ‘रिमास्टर्ड’, ‘लाइव्ह’, ‘वाद्यसंगीत’ असे शब्द शीर्षकातून काढून आवृत्तीच्या रकान्यात टाका. ते शीर्षकात राहिले तर मूळ गाणं आणि त्याचे पाच अवतार एकमेकांना ढकलत राहतात.

शोध-की: सगळी गंमत इथे आहे

मूळ मजकुराला हात न लावता त्याच्या शेजारी एक ‘शोध-की’ बनवा, म्हणजे त्याच नावाचं सपाट केलेलं रूप. वापरणाऱ्यानं जे टाइप केलं तेही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या आणि मग दोन्ही जुळवा. फंक्शन एकच असलं पाहिजे. पडद्याच्या कोडमध्ये एक आणि डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दुसरं असं झालं की सहा महिन्यांत दोघांची वाट वेगळी होते आणि काही गाणी गुपचूप सापडेनाशी होतात. फंक्शनला आवृत्ती क्रमांक द्या. तो बदलला की सगळ्या की नव्यानं बनल्या पाहिजेत.

रोमन लिपीसाठी: सगळं लहान लिपीत आणा आणि अक्षरांवरच्या खुणा काढा. बियॉन्सेच्या शेवटच्या अक्षरावरची किंवा ब्यॉर्कच्या ‘ओ’वरची खूण टच कीबोर्डवर कुणी शोधत बसत नाही. विरामचिन्हांच्या बाबतीत एकच नियम पुरत नाही. एसी/डीसी मधली तिरकी रेघ कुणी टाइप करतं, कुणी तिथे जागा सोडतं, कुणी सलग लिहितं. म्हणून अशा नावांच्या दोन की ठेवा: एकीत चिन्हाच्या जागी मोकळी जागा, दुसरीत चिन्ह नुसतंच गाळलेलं. आणखी एक सापळा म्हणजे ‘द’सारखे शब्द सरसकट गाळणं. ‘द हू’ या नावाचा एक बँड आहे आणि ‘द द’ या नावाचाही. त्यातला दुसरा तर गाळणीतून पूर्णच नाहीसा होतो. हे शब्द क्रमवारी लावताना दुर्लक्षित करा, शोधताना नाही.

देवनागरीसाठी पायऱ्या जास्त आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

सुरुवात युनिकोडच्या एनएफसी रूपानं करा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं तेच अक्षर एकसारखं होतं. नुक्त्याची (खाली टिंब असलेली) अक्षरं दोन प्रकारे साठवलेली असतात: एक जोडलेलं अक्षर, किंवा मूळ अक्षर आणि नुक्ता असे दोन संकेत. एनएफसीनंतर ‘क़’सारखी अक्षरं सुट्या रूपात येतात, मग नुक्ता गाळता येतो. इथे ‘ऱ’वर लक्ष ठेवा. युनिकोडच्या हिशेबी तो ‘र’ अधिक नुक्ता असाच आहे, पण एनएफसी त्याला जोडलेलाच ठेवतं. त्यामुळे ‘तऱ्हा’ आणि ‘तर्‍हा’ एकत्र आणायचे तर ‘ऱ’चा ‘र’ वेगळा नियम लिहून करावा लागतो.

‘ॲ’ची गोष्ट उलटी आहे. एका संकेताचा ‘ॲ’ आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेला ‘अॅ’ पडद्यावर सारखेच दिसतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही. एनएफसी करून काही फरक पडत नाही, ते हातानंच बदलावं लागतं. त्यानंतर अदृश्य जोडक आणि विभाजक म्हणजे यू+२००डी आणि यू+२००सी काढून टाका. मजकूर कुठून तरी चिकटवलेला असेल तर ही दोन हमखास सोबत आलेली असतात.

मग अनुस्वार. ‘चम्पा’ आणि ‘चंपा’, ‘सन्ध्या’ आणि ‘संध्या’ एकाच जागी यायला हवेत. नियम सोपा आहे: ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्यांच्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी व्यंजन आलं तर त्यांच्या जागी अनुस्वार. न् पुढे त, थ, द, ध, म् पुढे प, फ, ब, भ, असं. ‘अन्न’ आणि ‘सन्मान’ यात आपोआप वाचतात, कारण तिथे पुढचं व्यंजन त्या चारांत नाही. चंद्रबिंदूचाही अनुस्वारच करा. ऱ्हस्व-दीर्घ एक करा: ‘पाऊस’ आणि ‘पाउस’ यांत फरक करणारा शोध शुद्धलेखनाच्या परीक्षेला चालेल, ज्यूकबॉक्सला नाही. आकडे एकाच लिपीत आणा.

राहिला रोमन लिपीत टाइप केलेला देवनागरी शब्द. फोनच्या सवयीनं बरेच जण असंच टाइप करतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं. यासाठी प्रत्येक देवनागरी शीर्षकाचं रोमन रूप बनवून त्याची सैल की ठेवा: डबल ए आणि सिंगल ए सारखे, डबल ई आणि आय सारखे, डबल ओ आणि यू सारखे, व्ही आणि डब्ल्यू सारखे, पी-एच आणि एफ सारखे, झेड आणि जे सारखे, लागोपाठ दोनदा आलेलं व्यंजन एकेरी, शब्दाच्या शेवटचा ए गाळलेला. स्वर पूर्ण काढून नुसत्या व्यंजनांचा सांगाडा ठेवायचा मोह होतो. तो शेवटचा पर्याय म्हणून ठेवा आणि सांगाड्यात किमान चार व्यंजनं असतील तरच वापरा. माळ, मूळ, मेळ आणि मोल या सगळ्यांचा सांगाडा एकच होतो आणि यादीचा बाजार भरतो.

इंजिन: छोटंच पुरतं, पण एक खड्डा चुकवा

५० हजार गाणी आणि प्रत्येकी २०० बाइटची की म्हणजे १० मेगाबाइट. एवढा डेटा यंत्राच्या मेमरीत आरामात बसतो. त्यासाठी वेगळा सर्च सर्व्हर उभारण्याची गरज नाही. नेटवर्क गेलं तरी शोध चालू राहतो हा फायदा वेगळाच.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस५ (मजकूर शोधायचा भाग) हा सोयीचा पर्याय आहे, पण देवनागरीसाठी त्याचा ठरावीक टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) जसाच्या तसा वापरू नका. ‘युनिकोड६१’ हा टोकनायझर मुळात अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. मात्रा युनिकोडमध्ये वेगळ्या वर्गात आहेत, म्हणून प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. ‘पाऊस’चे ‘प’ आणि ‘ऊस’ असे दोन तुकडे होतात आणि ‘ऊस’ शोधला की पाऊस येतो. ‘किनारा’चे होतात क, न, र. हा दोष लवकर लक्षात येत नाही, कारण टाइप केलेला शब्दही तसाच तुटतो आणि ‘किनारा’ शोधल्यावर किनारा सापडतो. फक्त त्याच्या जोडीला ‘कोनेरी’ही येतं, कारण त्याचेही तुकडे क, न, र हेच आहेत. उपाय एका ओळीचा आहे: टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात अक्षरं आणि आकड्यांच्या वर्गांबरोबर एमएन आणि एमसी हे मात्रांचे दोन वर्गही लिहा. त्याच तक्त्याला २ आणि ३ अक्षरांचा प्रिफिक्स इंडेक्स (शब्दांच्या सुरुवातीची सूची) द्या, म्हणजे शब्द पुरा व्हायच्या आत जुळणी वेगानं होईल.

शब्दाच्या मधला तुकडा शोधायचा असेल तर एसक्यूलाइट ३.३४ पासून ट्रायग्रॅम टोकनायझर (तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडणारा) मिळतो. मात्र तीनपेक्षा कमी अक्षरांवर तो काहीच देत नाही. पहिल्या दोन अक्षरांसाठी प्रिफिक्स आणि तिसऱ्यापासून ट्रायग्रॅम अशी जोडी लावा.

जुळणी आणि क्रमवारी

‘शीर्षकानं शोधा, गायकानं शोधा, अल्बमनं शोधा’ असं आधी विचारू नका. एकच पेटी द्या. टाइप केलेला प्रत्येक शब्द गाण्याच्या कोणत्याही रकान्यात सापडला तरी चालेल, पण सगळे शब्द सापडले पाहिजेत. क्रम कोणताही चालेल आणि शेवटचा शब्द अर्धवट धरावा. गायकाचं अर्धं आडनाव आणि मुखड्यातला एक शब्द अशी मिसळ टाइप करणाऱ्याला गाणं लगेच मिळतं ते याच नियमामुळे.

चुकांची सूट शब्दाच्या लांबीप्रमाणे द्या. इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनाचा स्वयंचलित नियम दोन अक्षरांपर्यंत शून्य, तीन ते पाच अक्षरांना एक आणि त्यापुढे दोन चुका असा आहे. टच कीबोर्डसाठी तो जरा सैल पडतो. तीन अक्षरांपर्यंत शून्य, चार ते सातला एक, आठपासून दोन हे बरं. पहिलं अक्षर बरोबर असलंच पाहिजे अशी अट घाला, नाहीतर यादी फार पसरते. शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल ही एकच चूक धरा, आणि कीबोर्डवर शेजारी असलेली कळ चुकून दाबली गेली असेल तर अर्धी. ढोबळ (चुका धरून झालेल्या) जुळणीचे निकाल अचूक निकालांच्या खालीच ठेवा. अचूक निकाल पाचपेक्षा जास्त असतील तर ढोबळ निकाल दाखवूच नका.

क्रमवारीचे गुण असे काहीसे सुरू करा आणि मग आपल्या नोंदी पाहून हलवा: शीर्षकाच्या सुरुवातीशी जुळलं तर १००, शीर्षकातल्या नंतरच्या शब्दाच्या सुरुवातीशी ६०, मुखड्याच्या ओळीत ५०, गायक ४०, चित्रपट किंवा अल्बम ३०. प्रत्येक चुकीमागे २५ वजा. लोकप्रियतेसाठी गेल्या ९० दिवसांत गाणं जितक्यांदा वाजलं त्यात एक मिळवून त्याचा दोनच्या पायाचा लॉग घ्या, त्याला ५ नं गुणा आणि ३० वर थांबवा. ६३ वेळा वाजलेलं गाणं ही मर्यादा गाठतं. मर्यादा आवश्यक आहे: तिच्यामुळे लोकप्रिय गाणं ६० चं ९० पर्यंत जाईल, पण शीर्षक तंतोतंत टाइप करणाऱ्याच्या १०० वर चढणार नाही. ती नसेल तर नेहमीचीच वीस गाणी प्रत्येक शोधात वर येतात, वर आहेत म्हणून वाजतात आणि वाजतात म्हणून आणखी वर जातात.

टाइप केलेला मजकूर एखाद्या गायकाच्या नावाशी जुळत असेल तर यादीच्या माथ्यावर त्या गायकाची एक ओळ द्या. ती दाबली की त्याची सगळी गाणी, जास्त वाजलेली आधी. पन्नास गाण्यांत गायकाचं नाव पन्नासदा वाचायला लावू नका.

कीबोर्ड: पिक्सेल नव्हे, मिलिमीटर

उभ्यानं, एका बोटानं टाइप करायच्या कळीला १५ मिलिमीटर रुंदी-उंची आणि दोन कळींत २ मिलिमीटर फट ठेवा. दहा कळींची ओळ म्हणजे १६८ मिलिमीटर. १०.१ इंची आडव्या पडद्याची रुंदी सुमारे २१७ मिलिमीटर असते, तिथे ती बसते. ७ इंची पडदा सुमारे १५५ मिलिमीटरचा असतो, तिथे बसत नाही. अशा यंत्रावर कीबोर्डचा हट्ट सोडून शोध फोनवर न्या. आकार मिलिमीटरमध्ये ठरवून पिक्सेल त्यावरून काढा. २१.५ इंची फुल एचडी पडद्यावर ६० पिक्सेल म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. तेच ६० पिक्सेल १०.१ इंची १२८० बाय ८०० पडद्यावर जेमतेम १० मिलिमीटर भरतात. मोठ्या मॉनिटरवर बनवलेली रचना छोट्या यंत्रावर जशीच्या तशी टाकली की ‘टच नीट चालत नाही’ अशी तक्रार येते ती इथून.

रोमनसाठी फोनवर असते तीच क्वर्टी मांडणी द्या. अक्षरक्रमानं लावलेल्या कळा सोप्या वाटतात, पण हाताला सवय क्वर्टीची असते. देवनागरीसाठी मात्र वर्णमालेचा पाच-पाचचा चौकोन आणि खाली मात्रांची ओळ हेच पहिल्यांदा वापरणाऱ्याला कळतं. जोडाक्षराची कळ निम्म्या लोकांना सापडणार नाही असं धरून चाला आणि हलंत (पाय मोडल्याची खूण) काढलेली आणखी एक की इंडेक्समध्ये ठेवा. आकड्यांची ओळ कायम दिसू द्या. खोडायची कळ दीडपट रुंद हवी, आणि ‘सगळं पुसा’ तिच्याशेजारी नको, शोधपेटीच्या टोकाला हवी. एंटरची गरजच नाही, निकाल प्रत्येक अक्षरागणिक येतात.

पुढे गाणी उरत नाहीत अशी अक्षरं मंद करण्याची युक्ती उपयोगी आहे, पण ती बंद करू नका. बंद कळ म्हणजे ‘तुझं स्पेलिंग चुकलं’ असं सांगून दार लावणं. मंद कळ दाबता आली तर ढोबळ जुळणीला तरी संधी मिळते.

कळ बोट टेकताच उमटली पाहिजे, रंग बदलायला १०० मिलिसेकंदांच्या आत. निकालाची ओळ मात्र बोट उचलल्यावरच निवडली जावी, नाहीतर यादी सरकवायला गेलेला माणूस भलतंच गाणं लावून बसतो. काच आणि पडदा यांत फट असेल तर उंच आणि बुटक्या माणसाचा स्पर्श वेगवेगळ्या जागी पडतो. म्हणून स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या कळीपेक्षा मोठं करून मधली फटही अर्धी-अर्धी वाटून द्या. कीबोर्ड पडद्याच्या खालच्या भागात असू द्या आणि कोणतीही दाबायची गोष्ट जमिनीपासून १२२० मिलिमीटरच्या वर जाणार नाही असं यंत्र बसवा. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांत चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचण्याची ४८ इंचांची मर्यादा हीच.

निकालांची यादी

ओळीची उंची १८ ते २० मिलिमीटर. डावीकडे अल्बमच्या मुखपृष्ठाचं चित्र, मधे मोठ्या अक्षरात शीर्षक, त्याखाली गायक आणि चित्रपट, उजवीकडे कालावधी. आवृत्तीची खूण शीर्षकाच्या शेवटी नको, वेगळ्या चौकटीत हवी, कारण लांब शीर्षक शेवटाकडूनच कापलं जातं आणि नेमका ‘लाइव्ह’ हा शब्द गायब होतो. मंद उजेडात गडद पार्श्वभूमी बरी दिसते, पण अक्षरांचा आणि तिचा उजळपणा किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा असावा. शक्य असेल तर ७ ला १.

यादी बोटाखालून सरकणं हा सगळ्यात चीड आणणारा दोष आहे. माणूस तिसऱ्या ओळीवर बोट टेकवणार तोच उशिरा आलेले निकाल वर घुसतात आणि दुसरंच गाणं लागतं. यावर दोन बंदोबस्त करा. प्रत्येक शोधाला चढता क्रमांक द्या आणि शेवटच्या क्रमांकाव्यतिरिक्त आलेलं उत्तर फेकून द्या; नाहीतर ‘पा’चं उत्तर ‘पाऊ’च्या उत्तरावर येऊन बसतं. आणि ओळ जागेवरून हलल्यानंतर २५० मिलिसेकंद तिच्यावरचा स्पर्श मोजू नका. शोध यंत्रातच चालत असेल तर प्रत्येक अक्षराला लगेच चालवा. सर्व्हरवर असेल तर शेवटच्या अक्षरानंतर १५० ते २०० मिलिसेकंद थांबा.

काहीच सापडलं नाही तर रिकामा पडदा आणि दिलगिरी नको. टाइप केलेला मजकूर तसाच ठेवा, सगळ्यात जवळची तीन गाणी दाखवा आणि एखाद्या शब्दामुळे अडलं असेल तर तो शब्द वगळून मिळणारे निकाल खाली द्या. वाजवता न येणारं गाणं, म्हणजे फाइल हरवलेलं किंवा परवाना संपलेलं, शोधात येताच कामा नये. रोज रात्री फाइलींचे मार्ग तपासून इंडेक्स छाटा.

निवडीनंतर

दाबल्यावर ‘रांगेत चौथं, सुमारे ११ मिनिटांनी’ असं स्पष्ट सांगा. वाट पाहण्याचा वेळ म्हणजे चालू गाण्याचा उरलेला भाग आणि मधल्या गाण्यांच्या कालावधींची बेरीज, त्यात काही अवघड नाही. गाणं आधीच रांगेत असेल तर ते परत घालण्याऐवजी त्याची जागा दाखवा. रद्द करायला पाच-सहा सेकंद द्या आणि पैसे किंवा क्रेडिट त्यानंतरच वळतं करा.

कुणी मधेच निघून गेलं तर पुढच्या माणसाला त्याची अर्धवट टाइप केलेली शोधपेटी दिसू नये. ४० सेकंद हालचाल नसेल तर ‘अजून आहात?’ विचारा, २० सेकंदांची मुदत द्या आणि मग सुरुवातीच्या पडद्यावर जा. भाषा आणि कीबोर्डही मूळ स्थितीत आणा.

आवाजी शोध गोंगाटात भरवशाचा नाही, त्यातून वाजणारं गाणंच मायक्रोफोनमध्ये शिरतं. जोड म्हणून द्या, मुख्य वाट म्हणून नको. फोनवरून शोधायला क्यूआर कोड मात्र जरूर लावा. त्याची बाजू ज्या अंतरावरून तो वाचायचा त्याच्या दहाव्या भागाइतकी असावी, आणि सभोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी कोरी किनार सोडावी.

चाचणी आणि नोंदी

३० शोधांची एक पक्की यादी बनवा आणि प्रत्येकासमोर अपेक्षित गाणं लिहा. तिच्यात चुकीचं स्पेलिंग, रोमन लिपीतला देवनागरी शब्द, नुसतं आडनाव, आकड्यानं सुरू होणारं नाव, तिरकी रेघ, दोन अक्षरांचं शीर्षक, अनुस्वाराची दोन्ही रूपं आणि दोन शब्दांची उलटी जोडी असू द्या. अपेक्षित गाणं पहिल्या पाचांत आलं तर पास. कोडमध्ये किंवा गुणांमध्ये काहीही बदललं की ही यादी आपोआप चालली पाहिजे. एका नियमाची दुरुस्ती दुसऱ्या तीन नियमांना कशी मोडते ते तिथेच दिसतं.

मग पाच-सहा नवखी माणसं आणा. दिवे मंद करा, संगीत मोठ्यानं लावा, त्यांच्या एका हातात पेला द्या आणि ‘तुम्हाला आवडणारं एक गाणं लावा’ एवढंच सांगा. शीर्षक कागदावर लिहून देऊ नका, नाहीतर ते बरोबर स्पेलिंग बघून टाइप करतील आणि चाचणी निरुपयोगी होईल. घड्याळ लावा, किती स्पर्श लागले मोजा आणि मधे मदत करू नका.

यंत्र चालू झाल्यावर प्रत्येक शोधाची नोंद ठेवा: काय टाइप झालं, किती निकाल आले, कितव्या क्रमांकाचं गाणं निवडलं, की काहीच न निवडता माणूस गेला. माणसाची ओळख साठवायची गरज नाही. आठवड्यातून एकदा शून्य निकालांची यादी वारंवारतेनं लावून वरचे वीस शोध वाचा. त्यांचे सरळ तीन गट पडतात. गाणं आहे पण वेगळ्या नावानं, तर पर्यायी नावांच्या तक्त्यात भर घाला. गाणं आहे पण शोध-कीचा नियम चुकतोय, तर नियम दुरुस्त करून तो शोध पक्क्या यादीत टाका. गाणंच नाही, तर ती खरेदीची यादी समजा आणि संग्रह सांभाळणाऱ्याकडे पाठवा.